शाळेच्या वृत्तपत्रासाठी क्रीडावृत्त कसे लिहावे : मैदानापासून छपाईपर्यंत

१८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सच्या मैदानावर विश्वचषक स्पर्धेतील झिम्बाब्वेविरुद्धच्या सामन्यात भारताचे पाच गडी अवघ्या १७ धावांत तंबूत परतले होते. तेथून कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या आणि ६० षटकांत ८ बाद २६६ अशी मजल मारलेल्या भारताने तो सामना ३१ धावांनी जिंकला. या खेळीचे चित्रीकरण उपलब्ध नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचली ती धावफलकामुळे, काही छायाचित्रांमुळे आणि त्या दिवशी मैदानावर हजर असलेल्यांनी लिहिलेल्या व सांगितलेल्या तपशिलांमुळे.

शालेय सामन्यांची स्थिती बहुतेक वेळा अशीच असते. मोबाइलवर टिपलेले सुटे तुकडे असतात, पण सामन्याची सलग नोंद कोणी ठेवलेली नसते. दुसरी अडचण अशी की शाळेचे वृत्तपत्र महिन्यातून किंवा सत्रातून एकदा निघते आणि अंक हातात पडेपर्यंत निकाल सर्वांना ठाऊक झालेला असतो. त्यामुळे ‘कोण जिंकले’ एवढेच सांगणारी बातमी छापून येण्याआधीच शिळी होते. शालेय वार्ताहराला सांगण्यासारखे उरते ते ‘सामना कसा फिरला आणि का फिरला’ हे, आणि ते घरी बसून आठवत नाही. ते मैदानावरच टिपावे लागते. पुढील बरेचसे विवेचन म्हणूनच लेखनापेक्षा टिपणांविषयी आहे.

सामन्याच्या आधी

ज्या खेळाचे वार्तांकन करायचे त्याचे नियम आधी नीट समजून घ्यावेत. खेळ आपण लहानपणापासून खेळत आलो आहोत म्हणून नियम ठाऊक असतातच असे नाही. कबड्डीत वयोगटानुसार डावाची मिनिटे बदलतात. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना केलेल्या यशस्वी पकडीला, तो नियम लागू असलेल्या स्पर्धेत, एक जादा गुण मिळतो आणि तिला अव्वल पकड म्हणतात. संपूर्ण संघ बाद झाला की लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन अतिरिक्त गुण मिळतात. हे माहीत नसलेल्या वार्ताहराला गुणफलक एकाएकी दोन किंवा तीन गुणांनी का पुढे सरकला ते कळत नाही, आणि नेमकी तीच सामन्यातील महत्त्वाची घटना असते. शंका असल्यास क्रीडाशिक्षकांना किंवा पंचांना आधीच विचारावे. सामना सुरू झाल्यावर त्यांना वेळ नसतो.

दोन्ही संघांची यादी पूर्ण नावे व पोशाखावरील क्रमांकांसह आदल्या दिवशीच मिळवावी. नावे ऐकून लिहू नयेत. खेळाडूलाच आपल्या वहीत स्वतःचे नाव लिहायला सांगावे, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होत नाही. एकाच आडनावाचे दोन खेळाडू असतील तर तशी खूण करून ठेवावी. याशिवाय दोन्ही संघ यापूर्वी समोरासमोर आले होते का, तेव्हा काय झाले होते आणि या वेळी कोण दुखापतीमुळे बाहेर आहे, एवढी माहिती हाती असली की सामना पाहताना कशावर लक्ष ठेवायचे याचा अंदाज येतो.

जागेचाही विचार करावा. आपल्या मित्रमंडळींच्या घोळक्यात उभे राहून टिपणे होत नाहीत. गुणलेखकाच्या टेबलाजवळ, त्याच्या कामात अडथळा येणार नाही अशा बेताने बसावे. तेथून अधिकृत गुण दिसतात, पंचांचे निर्णय ऐकू येतात आणि राखीव खेळाडूंचा बाकही नजरेच्या टप्प्यात राहतो.

मैदानावरची टिपणवही

वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने करावेत : वेळ, गुणस्थिती, घटना आणि ‘डोळ्यांनी दिसलेले’. पहिले तीन रकाने सगळेच भरतात. चौथा रकाना बहुधा रिकामा राहतो, आणि बातमीला जिवंतपणा येतो तो त्याच रकान्यामुळे. प्रत्येक घटना लिहिण्याचा हट्ट धरू नये, कारण तसे केल्यास मान खाली राहते आणि सामना निसटतो. गुण बदलला, खेळाडू बदलला, डावपेच बदलला किंवा खेळ थांबला की नोंद करावी. मधल्या काळात मान वर ठेवून पाहावे.

एका आंतरगट कबड्डी स्पर्धेतील मुलींचा अंतिम सामना कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. निळा गट आणि पिवळा गट यांच्यातील या सामन्याच्या वहीतील नोंदी साधारण अशा दिसतील :

‘मध्यंतर। पि १८ – नि ११। नि च्या डाव्या बाजूने सतत गुण जातायत।’

‘उत्तरार्ध सुरू। नि ने डावी कोपरारक्षक बदलली।’

‘४ मि. बाकी। पि २७ – नि २४। नि च्या तिघीच आत। पि चढाई। उजव्या कोपऱ्यातून घोटा धरला, बाकी दोघी धावून आल्या। अव्वल पकड, २ गुण। २७–२६। नि चा अख्खा बाक उभा।’

‘लगेच नि कर्णधाराची चढाई। एका दमात दोघी बाद। २७–२८। पि ने टाइम-आऊट घेतला। पि कर्णधार बोलत नाही, नुसती पाणी पितेय।’

‘शेवट। नि ३१ – पि २९।’

अक्षर वाईट असले, वाक्ये अर्धवट असली तरी चालते. फक्त सामना संपल्यावर तासाभरात ही वही पुन्हा वाचून तुटक शब्द पूर्ण करावेत. ‘नि क चढा २’ याचा अर्थ त्या संध्याकाळी कळतो, चार दिवसांनी कळत नाही.

चेंडूच्या किंवा चढाईपटूच्या मागे प्रेक्षकांची नजर आपोआप जाते. वार्ताहराने अधूनमधून तेथून नजर काढून बाकी मैदानाकडे पाहावे. गोल झाला तेव्हा बचावपटू कोठे होते, फलंदाजाने फटका मारण्याआधी कर्णधाराने कोणता क्षेत्ररक्षक हलवला, प्रशिक्षकाने कोणाला बाजूला घेऊन काही सांगितले, या गोष्टींत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. वरच्या नोंदींत डावी कोपरारक्षक बदलल्याची एक साधी ओळ आहे. पूर्वार्धात डावीकडून गुण जात होते ही त्याआधीची नोंद तिच्याशी जोडली की निळ्या गटाच्या पुनरागमनाचे एक संभाव्य कारण हाती येते. ते खरेच कारण होते का, हे मात्र स्वतःच ठरवून टाकू नये, सामन्यानंतर विचारावे.

आणि हो, टिपणे करताना टाळ्या वाजवू नयेत. आपल्या शाळेचा संघ खेळत असताना हे जड जाते, पण जो ओरडतो त्याचा हात थांबतो.

आकड्यांची शहानिशा

मैदान सोडण्यापूर्वी आपली गुणसंख्या गुणलेखकाच्या अधिकृत नोंदीशी ताडून पाहावी आणि शक्य असल्यास त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. त्यानंतर आकड्यांचा अर्थ लावताना खेळागणिक काही खड्डे आहेत, ते ओळखून ठेवावेत.

क्रिकेटमध्ये ‘८.४ षटके’ याचा अर्थ आठ षटके आणि चार चेंडू, म्हणजेच ५२ चेंडू असा होतो. त्यामुळे ८.४ षटकांत ६० धावा झाल्या असतील तर धावगती ६.९२ येते, ६० ला ८.४ ने सरळ भागणाऱ्याला ७.१४ हे चुकीचे उत्तर मिळते. प्रथम फलंदाजी करणारा संघ धावांनी जिंकतो आणि लक्ष्याचा पाठलाग करणारा संघ गडी राखून जिंकतो, हा भेदही घाईत विसरला जातो. फुटबॉलमध्ये पेनल्टी शूटआऊटमधील गोल मूळ गोलसंख्येत मिळवत नाहीत. ‘१–१ बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ४–३’ असे लिहावे, ‘५–४’ असे नव्हे.

धावण्याच्या शर्यतींत वेळ कशी मोजली हे विचारणे आवश्यक असते. उसेन बोल्टच्या २००९ मधील बर्लिनच्या शर्यतीतील ९.५८ सेकंदांमधला शेवटचा आकडा विद्युत यंत्रणेने मोजलेला आहे, म्हणून त्याला अर्थ आहे. शाळेच्या मैदानावर हातातील स्टॉपवॉचवर १२.३४ सेकंद दिसले तर नियमानुसार ती वेळ पुढच्या दशांशात, म्हणजे १२.४ अशी नोंदवली जाते. तेव्हा स्टॉपवॉचच्या पडद्यावरचा आकडा न उचलता पंचांनी नोंदवलेली वेळ घ्यावी. ‘शाळेचा नवा विक्रम’ हे शब्द तर क्रीडाशिक्षकांच्या नोंदवहीत जुना विक्रम स्वतः पाहिल्याखेरीज लिहूच नयेत.

बातमीत किती आकडे द्यावेत, याला माझ्या मते एकच कसोटी पुरेशी आहे : तो आकडा वगळल्यावर सामन्याचे आकलन कमी होते का? होत नसेल तर त्याची जागा बातमीशेजारच्या गुणतक्त्यात आहे.

सामन्यानंतरचे प्रश्न

‘जिंकल्यावर कसे वाटते आहे?’ या प्रश्नाला ‘खूप छान वाटते आहे’ याखेरीज दुसरे उत्तर नसते, आणि दोष उत्तर देणाऱ्याचा नसतो. प्रश्न वहीतील एखाद्या विशिष्ट क्षणाविषयी असावा. ‘चार मिनिटे बाकी असताना तुम्ही तिघीच आत होता, तेव्हा चढाईपटूला मध्ये येऊ द्यायचे की रेषेवरच रोखायचे, हे कोणी ठरवले?’ असे विचारले की खेळाडू तो क्षण पुन्हा आठवते आणि मग ती खरोखर बोलू लागते. असे दोन-तीन प्रश्न पुरतात. मध्यंतराला काय बोलणे झाले आणि डावी कोपरारक्षक का बदलली, हे प्रशिक्षकांना विचारावे.

पराभूत संघाशीही बोलावे. विजेत्यांना बहुधा आपण का जिंकलो ते नेमके सांगता येत नाही, हरलेल्यांना मात्र कोठे सुटले ते चांगले ठाऊक असते. फक्त त्यांना थोडा वेळ द्यावा. शिट्टी वाजताक्षणी वही पुढे करू नये, आणि कोणी बोलायला नकार दिल्यास तो मान्य करावा.

अवतरणचिन्हांत जे छापायचे ते त्या व्यक्तीने उच्चारलेलेच असले पाहिजे. वाक्य लांबलचक किंवा विस्कळीत असेल तर त्याचा आशय आपल्या शब्दांत, अवतरणचिन्हांशिवाय द्यावा. पण खेळाडूच्या तोंडी भारदस्त वाक्य घालू नये. टिपून घेतलेले वाक्य तिला तेथेच वाचून दाखवले तर पुढचे पुष्कळ वाद टळतात.

मुखडा

बातमीचा पहिला परिच्छेद, म्हणजे मुखडा, लिहिताना बहुतेक विद्यार्थी अडतात आणि मग सवयीचे वाक्य लिहून मोकळे होतात. वरच्याच सामन्याचे तीन मुखडे पाहू. पहिला असा :

‘आंतरगट कबड्डी स्पर्धा मोठ्या उत्साहात पार पडली. अंतिम सामन्यात निळ्या गटाने पिवळ्या गटावर मात करून विजेतेपद पटकावले.’

यातील पहिले वाक्य जगातील कोणत्याही स्पर्धेला लागू पडते, त्यामुळे ते याच स्पर्धेविषयी काहीच सांगत नाही. दुसऱ्या वाक्यात गुणसंख्यादेखील नाही. दुसरा मुखडा :

‘निळ्या गटाने पिवळ्या गटाचा ३१–२९ असा पराभव करून आंतरगट कबड्डी स्पर्धेचे विजेतेपद मिळवले.’

हा मुखडा निर्दोष आहे. कोण, काय, कधी, कोठे, का आणि कसे या सहा ककारांपैकी सर्वांत निकडीचे दोन त्यात आले आहेत. सूचनाफलकावर त्याच दिवशी लावायच्या छोट्या बातमीसाठी असाच मुखडा हवा. महिनाअखेरीच्या अंकासाठी मात्र तिसरा अधिक उपयोगाचा ठरतो :

‘सामना संपायला चार मिनिटे उरली असताना तीन गुणांनी मागे असलेल्या निळ्या गटाच्या केवळ तीन खेळाडू मैदानात होत्या. त्या तिघींनी पिवळ्या गटाच्या चढाईपटूची अव्वल पकड केली, तेथून आंतरगट कबड्डीच्या अंतिम सामन्याचे पारडे फिरले आणि निळ्या गटाने ३१–२९ असा विजय मिळवला.’

यात निकाल लपवलेला नाही. तो दुसऱ्या वाक्याच्या शेवटी आलाच आहे. बदल एवढाच की वाचकाला ठाऊक असलेल्या निकालाआधी त्याला ठाऊक नसलेला क्षण ठेवला आहे. छापताना ‘त्या तिघींनी’ याच्या पुढे तिघींची पूर्ण नावे यायला हवीत. असा क्षण निवडताना वहीतील गुणस्थितीचा रकाना वरून खाली पाहावा आणि अंतर कोठे कमी होऊ लागले किंवा आघाडी कोठे बदलली त्या ठिकाणी खूण करावी. सगळ्यात देखणा क्षण आणि सामना फिरवणारा क्षण एकच असेल असे नाही. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला षटकार निकाल लागून गेल्यावर मारलेला असू शकतो. मुखड्याचा मान सामना फिरवणाऱ्या क्षणाला द्यावा.

सामना एकतर्फी झाला तर फिरणारा क्षण सापडत नाही. अशा वेळी ओढूनताणून चुरस निर्माण करण्यापेक्षा एका संघाचे वर्चस्व कशामुळे होते, यावर मुखडा बेतावा.

उरलेल्या मजकुराची बांधणी

वृत्तपत्रांची रूढ पद्धत म्हणजे उलटा पिरॅमिड : सर्वांत महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर, जेणेकरून जागा कमी पडल्यास उपसंपादकाला शेवटून कात्री लावता येईल. सामन्याच्या वृत्तांताला ही रचना थोडी वाकवून वापरावी. मुखड्यानंतरच्या परिच्छेदात तो निर्णायक क्षण थोड्या विस्ताराने उलगडावा आणि त्याविषयीचे एखादे अवतरण द्यावे. मग मागे जाऊन सामना तेथवर कसा आला ते सांगावे : पूर्वार्धातील पिवळ्या गटाची १८–११ ही आघाडी, डावीकडून गेलेले गुण, मध्यंतरानंतरचा बदल आणि त्याविषयी प्रशिक्षकांनी दिलेले स्पष्टीकरण. त्यानंतर पराभूत संघाची बाजू, दोन्ही संघांतील लक्षणीय वैयक्तिक कामगिरी आणि पुढचा सामना कधी आहे ही माहिती. उद्घाटन, प्रमुख पाहुणे आणि बक्षीस समारंभ यांना शेवटी एक-दोन वाक्ये पुरेत. पाहुण्यांच्या नावांनी अर्धा रकाना भरलेली आणि खेळाडूंची नावे ‘इतर’ या शब्दात गुंडाळलेली क्रीडाबातमी वाचली की वार्ताहर सामना संपल्यावर आला होता की काय, अशी शंका येते.

पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत क्रमाने सर्व काही सांगण्याचा मोह टाळावा. साधारण ३०० ते ४०० शब्दांच्या वृत्तांतात तीन प्रसंग नीट सांगता येतात, आठ नाही.

भाषा

मराठी क्रीडापानांनी काही शब्दप्रयोग इतके वापरले आहेत की आता ते नुसते आवाज करतात : धुव्वा उडवला, धूळ चारली, पाणी पाजले, डोळ्यांचे पारणे फेडले, हातातोंडाशी आलेला घास हिरावला. यांतील एखादा क्वचित शोभतो. एका बातमीत तीन आले की वाचक ते वगळून वाचतो. ‘नेत्रदीपक कामगिरी’ असे म्हणण्याऐवजी तिने सात चढायांत नऊ गुण मिळवले असे लिहिले, तर ते विशेषण वाचक आपल्या मनाने जोडतो. ‘चुरशीचा सामना’ या शब्दांपेक्षा आघाडी किती वेळा बदलली हे सांगणे अधिक परिणामकारक असते. विशेषणे पूर्ण टाळा असे मी म्हणणार नाही, पण प्रत्येक विशेषणामागे वहीतील एखादी नोंद दाखवता आली पाहिजे.

क्रियापद मात्र नेमके हवे. चेंडू तटवला, ढकलला, टोलवला आणि उचलून मारला या चार वेगळ्या क्रिया आहेत. खेळाडू ज्या शब्दांत आपसांत बोलतात तेच शब्द वापरावेत. इंग्रजीतून आलेला रुळलेला शब्द असेल तर बिनदिक्कत तोच ठेवावा, त्यासाठी कोणाला न कळणारा प्रतिशब्द घडवू नये. खेळाची खास परिभाषा पहिल्यांदा येईल तेथे अर्धे वाक्य खर्चून ती उलगडावी, कारण शाळेच्या वृत्तपत्राचा वाचक प्रत्येक खेळ खेळलेला नसतो.

‘आपण जिंकलो’ किंवा ‘आपल्या शूर खेळाडूंनी’ असे न लिहिता ‘शाळेच्या संघाने’ असे लिहावे. मुला-मुलींच्या सामन्यांना सारखीच मोजपट्टी लावावी. मुलींच्या बातमीत जिद्द आणि हसू, तर मुलांच्या बातमीत डावपेच, अशी वाटणी नकळत होत असते.

चूक, पराभव आणि दुखापत

व्यावसायिक खेळाडूविषयी लिहिणे आणि उद्या त्याच वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाविषयी लिहिणे यांत फरक आहे. तरीही घटना दडपून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. निर्णायक पेनल्टी वाया गेली असेल तर ती वाया गेली हे लिहावेच लागते, कारण त्याविना निकाल समजत नाही. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला किंवा गोलरक्षकाने उजवीकडे झेपावून तो अडवला, असे घडलेले सांगावे. ‘दडपणाखाली कच खाल्ली’ असे मन वाचू नये. गोलरक्षकाने चेंडू अडवला असल्यास वाक्याचा कर्ता गोलरक्षकच असणे अधिक न्याय्यही आहे.

दुखापतीबाबत जे दिसले तेवढेच लिहावे : खेळाडू पाय धरून खाली बसली, तिला बाहेर नेण्यात आले, ती परतली नाही. हाड मोडले की मुरगळले याचे निदान वार्ताहराने करू नये, आणि प्रकृतीविषयी काही छापायचे असल्यास तिची व पालकांची संमती घ्यावी. खेळाडूच्या वजन-उंचीवर शेरे मारू नयेत. पंचांच्या निर्णयावर वाद झाला असेल तर निर्णय कोणता होता, आक्षेप कोणी घेतला आणि पंचांनी कोणता नियम सांगितला, या तीन गोष्टी द्याव्यात. निवाडा आपण करू नये.

मथळा, छायाचित्राची ओळ आणि शेवटची तपासणी

मथळा मजकूर पूर्ण झाल्यावर लिहावा. ‘कबड्डी स्पर्धा संपन्न’ हा मथळा नसून फाइलवरचे लेबल आहे. ‘तिघींच्या पकडीने निळ्या गटाला विजेतेपद’ यात कोण, काय आणि कसे, तिन्ही आले. मथळ्यातील प्रत्येक शब्दाला मजकुरात आधार असावा. छायाचित्राखालच्या ओळीत चित्रात दिसतेच ते पुन्हा सांगू नये. चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून क्रमाने आणि तो क्षण सामन्यात कधीचा, हे द्यावे.

मजकूर संपादकाकडे देण्याआधी एकदा मोठ्याने वाचावा; जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडावे. नंतर छापील प्रतीवर प्रत्येक नाव आणि प्रत्येक आकडा यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी व प्रत्येक रेघ मूळ यादीशी किंवा गुणतक्त्याशी जुळवून मगच त्यावर बरोबरची खूण करावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. शक्य असल्यास ते सामना न पाहिलेल्या सहकाऱ्याकडून करून घ्यावे, कारण त्याच्या डोळ्यांना गृहीत धरलेल्या गोष्टी चटकन दिसतात.

अंक निघाल्यानंतर चूक लक्षात आली तर पुढील अंकात, त्याच पानावर, चुकीचे काय छापले गेले होते आणि बरोबर काय आहे हे दोन वाक्यांत द्यावे. टिपणवही मात्र टाकून देऊ नये. तिच्यावर तारीख व संघांची नावे घालून ती वृत्तपत्राच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर येतील तेव्हा सामन्याआधीची बातमी लिहिणाऱ्याला सर्वांत आधी तिचीच गरज पडेल.